हॉल एकच, मांडणी रोज वेगळी

भाचीबाई,

मंडळाचं कार्यवाहपद तुझ्या गळ्यात पडलं हे कळलं. वर्षभराचा बेतही तू पाठवलास: एक व्यावसायिक नाटक, एक शास्त्रीय गाण्याची मैफल, एक गझल-मुशायऱ्याची रात्र, एक कीर्तन आणि शाळांच्या सुट्टीत बालनाट्य. बेत झकास आहे. खर्चाचे रकाने नीट भरलेस, पण पाचही कार्यक्रमांपुढे ‘हॉलची व्यवस्था’ या रकान्यात एकच शब्द लिहिलास: ‘नेहमीप्रमाणे’. तो वाचला आणि मामाला पेन हातात घ्यावं लागलं.

मुंबईचं एनसीपीए तू पाहिलं आहेस. एकाच आवारात गाण्या-नाटकासाठी टाटा थिएटर, प्रायोगिक नाटकांसाठी एक्सपेरिमेंटल थिएटर, नाचासाठी गोदरेज डान्स थिएटर आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी जमशेद भाभा थिएटर. ज्या कलेला जसा हॉल हवा तसा बांधलेला. आपल्याकडे ती चैन नाही. अमरावतीत मोर्शी रोडचं संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन, अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह, आणि त्यांच्या जोडीला दोन-चार लहान हॉल. त्याच खुर्च्या, तोच पडदा, तेच दिवे. आज तिथं राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग, उद्या शाळेचं स्नेहसंमेलन, परवा गझल, तेरवा कुणाचा तरी नागरी सत्कार. म्हणून माझा मंत्र एवढाच: कार्यक्रम बदलला की हॉलही बदलायचा. भिंती हलत नाहीत, पण उजेड, अंधार, खुर्च्या, पंखे, माइक आणि दार उघडायची वेळ हे सगळं आपल्या हातात असतं. पुढचं सगळं या एका मंत्राची फोड आहे.

बुकिंगआधी एक टाळी वाजव

पावती फाडण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये जा. रंगमंचाच्या मधोमध उभी राहा आणि एकच खणखणीत टाळी वाजव. आवाज लगेच मेला तर बोलण्याचा कार्यक्रम तिथं चांगला होईल. टाळीची शेपटी लांबत गेली तर गाणं भरदार वाटेल, पण नाटकातली वाक्यं एकमेकांत मिसळतील. आणि टाळी वेगळी होऊन मागच्या भिंतीवरून परत आली, तर समज की मागची भिंत उघडी आणि गुळगुळीत आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. भिंत सतरा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन एक दशांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात माणसाचं पुढचं अक्षर तोंडातून बाहेर पडलेलं असतं. त्या भिंतीला जाड पडदे लावले की निम्मा त्रास जातो.

ही विद्या काही माझी नाही. 1895 च्या सुमाराला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात कुणाचंच बोलणं समजेना, तेव्हा वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकानं रात्री-अपरात्री खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर हलवून आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजलं. हॉलचा आकार जितका मोठा तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आत मऊ वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर शोषला जातो, हे त्यानं सिद्ध केलं. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की माणूससुद्धा आवाज शोषतो. दुपारी चार वाजता रिकाम्या हॉलमध्ये साउंडवाल्यानं लावलेला आवाज रात्री भरल्या हॉलमध्ये कमी पडतो, आणि पुसात शाली-स्वेटर घालून लोक आले की आणखीच बसतो. म्हणून दुपारच्या चाचणीवर विसंबू नकोस. कार्यक्रम सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं तू स्वतः मागच्या रांगेत आणि बाल्कनीखाली उभी राहा. आपल्याकडचा एक जुना साउंडवाला म्हणायचा, “आवाज मले नोको इचारू, मांगच्या रांगेले इचार.” त्याच्याइतका चांगला ध्वनितज्ज्ञ मी नंतर पाहिला नाही.

तारीख कॅलेंडरसोबत शेतालाही विचारून ठरव

आपल्याकडे तिकीट विकत घेणारा माणूस पगारदार असला तरी त्याचं घर बहुधा शेतीवर टेकलेलं असतं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन घरात येतं, दिवाळीपासून कापसाचे वेचे सुरू होतात, वरूड-मोर्शीकडे अंबिया बहाराचा संत्रा उतरतो, जानेवारीत तूर. दिवाळी ते फेब्रुवारी हा हात मोकळा असण्याचा काळ. मार्च परीक्षांचा, एप्रिल-मे लग्नांचा आणि उन्हाचा. जून-जुलैत पेरणीची चिंता असते. तेव्हा महागडं तिकीट ठेवशील तर खुर्च्या मोजत बसशील.

हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागली की हॉलच्या सलग कितीतरी संध्याकाळी त्यात जातात. तिचं वेळापत्रक आधी काढ, मगच आपली तारीख धर. आणि त्या स्पर्धेला नुसती अडचण समजू नकोस. नाममात्र तिकिटात रोज एक नवं नाटक पाहायला मिळतं. दर्यापूरपासून अचलपूरपर्यंतची हौशी पोरं स्वतः ठोकलेले सेट घेऊन येतात. तुझ्या मंडळाला उद्या प्रकाशयोजना करणारा, नेपथ्य लावणारा, संगीत देणारा माणूस हवा असेल तर तो तिथंच सापडेल. वही घेऊन बस आणि नावं टिपून ठेव.

उन्हाळ्यात बालनाट्य ठेवलंस ते ठीक, पण वेळ दुपारी तीनची ठेवू नकोस. अकोल्याचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्या वेळी लेकराला घेऊन घराबाहेर कोण निघेल? सकाळी साडेनऊ किंवा संध्याकाळी सात. आणि हॉल गार करायला यंत्रणा दोन तास आधी सुरू करायला सांग. तापलेल्या भिंती अर्ध्या तासात निवत नाहीत.

पाहुणा कुठं उतरतो ते आधी ठरव

मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या बडनेऱ्याला थांबतात, अमरावती स्टेशनवर येत नाहीत. मुंबईहून अंबा एक्सप्रेसनं आलेला कलाकार थेट अमरावतीत उतरतो, बाकीच्यांना बडनेऱ्याहून आणावं लागतं. अकोला मुख्य मार्गावरच आहे, तिथं हा घोळ नाही. तिकीट पाहिल्याशिवाय गाडी पाठवू नकोस, आणि तानपुरे किंवा तबल्याची पेटी असेल तर गाडी मोठी पाठव.

एक फायद्याची गोष्ट सांगतो. एकाच पाहुण्याला दोन गावं दे. अकोला-अमरावती अंतर शंभरेक किलोमीटर. या मार्गावर 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. विक्रमाचं कौतुक झालंच, पण आपल्यासाठी त्याचा अर्थ साधा आहे: शनिवारी अकोल्यात प्रयोग करून नाटकाचा ट्रक रविवारी सकाळी अमरावतीत आरामात पोचतो. पुण्या-मुंबईहून ट्रक, बस आणि वीस माणसं आणायचा खर्च दोन मंडळांत वाटला गेला की तिकीट स्वस्त होतं. अकोल्याच्या मंडळाशी स्पर्धा करू नकोस, त्यांच्याशी तारखा जुळव.

कागद एका फाइलीत

यात लांबण लावत नाही. नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते पाहा. हौशी प्रयोग असेल तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन. ऑर्केस्ट्रात सिनेमातली गाणी असतील तर त्यांच्या हक्काचे पैसे कोण भरणार ते करारात लिही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो; बंदिस्त सभागृहात, आतल्या लोकांपुरता आवाज असेल तर सूट आहे. म्हणून मुशायरा रंगून बारा वाजणार असतील तर तो हॉलमध्येच घे. मैदानावर घेशील तर ऐन रंगात पोलीस येतील आणि चूक त्यांची नसेल.

आणि दारं. हाऊसफुल्लच्या आनंदात येण्याजाण्याच्या वाटेवर जादा खुर्च्या टाकायचा मोह प्रत्येक मंडळाला होतो. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 13 जून 1997 ला 59 माणसं गेली. वाट अडवणाऱ्या वाढीव खुर्च्या आणि बंद दारं यांचा त्यात मोठा वाटा होता. वाटेत खुर्ची टाकायची नाही, मग समोर आमदार उभा असला तरी. बाहेर पडायच्या एकाही दाराला कुलूप नको. पडदा उघडण्याआधी प्रत्येक दार स्वतः ढकलून पाहा.

नाटकाला अंधार दे

नाटकाच्या बाबतीत आपण कुणाच्या मागे नाही. 1905 साली मुंबईत पहिलं नाट्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते अमरावतीचे दादासाहेब खापर्डे. 2011 च्या रत्नागिरीच्या नाट्य संमेलनाचे अध्यक्ष राम जाधव अकोल्याचे. तेव्हा बाहेरगावच्या व्यवस्थापकाशी बोलताना दबून बोलायचं कारण नाही. फक्त माहिती पक्की दे. रंगमंचाची रुंदी, खोली आणि उंची फुटात मोजून कळव. सामान आत न्यायच्या दाराची रुंदी कळव. सेट तिथवर येतो आणि दारातच अडकतो, मग सुतार शोधत फिरावं लागतं. हॉल सत्रावर भाड्यानं मिळतो, पण संध्याकाळच्या प्रयोगासाठी सकाळचं सत्रही घे. सेट लावायला आणि दिवे जुळवायला तीन-चार तास लागतात, आणि त्या वेळी आत कुणाचा साखरपुडा चालू असेल तर तुझी तिसरी घंटा साडेसातऐवजी नऊला वाजेल.

तिकिटांचा प्लॅन लागला की पहिल्या दिवशी पुढची चांगली तिकिटं ओळखीपाळखीत वाटून टाकू नकोस. सकाळी सातपासून रांगेत उभा राहिलेल्या माणसाला नववी रांग आणि दुपारी फोन करणाऱ्या साहेबाला दुसरी, असं झालं की पुढच्या वेळी रांगच लागत नाही. प्लॅनमधली निम्मी पुढची तिकिटं खिडकीवरच विक.

नाटकाला लागतो अंधार. बाहेर जायच्या वाटेचे दिवे सोडले तर काही नको. फोटोग्राफर नको, मोबाइलचे पडदे नकोत. पाणी विकणारा मध्यंतरात येईल. तिसऱ्या घंटेनंतर आलेल्याला दार लगेच उघडू नकोस. प्रसंग बदलून अंधार होईल तेव्हा बॅटरीच्या उजेडात, उजेड जमिनीकडे धरून, आत सोड. दारावर उभा राहायला तरुण पोरगा ठेवू नकोस, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. एखादी निवृत्त शिक्षिका ठेव.

मैफलीला माणसं दिसू दे

हाच अंधार गाण्यात मारक ठरतो. गवयाला समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. मान कुठं हलली, समेवर कुणाचा हात पडला, हे पाहूनच तो पुढची जागा घेतो. म्हणून मैफलीला प्रेक्षागृहातले दिवे निम्मे चालू ठेव. पहिल्या दोन रांगा काढता येत असतील तर काढ आणि तिथं सतरंज्या-गाद्या टाक. रंगमंचावरचा चौरंगही पडद्याला चिकटून मागे न ठेवता अगदी पुढच्या काठाशी आण.

आता तानपुऱ्याचं ऐक. ही एक गोष्ट जवळून पाहिलीस की बाकी सगळं समजेल. कार्यक्रमाआधी विंगेत बसून शिष्या तानपुरा लावते. खुंटीनं तार जवळपास आणते, मग खालचा मणी हळूच सरकवून ती नेमकी करते. घोडीवर तार टेकते तिथं तारेखाली एक सुती दोरा असतो. तो ती नखाएवढासुद्धा नाही, केसभर पुढे-मागे करते. एका ठिकाणी येईपर्यंत तार नुसती वाजते. दोरा त्या जागी आला की तीच तार गुंजायला लागते आणि पंचमाच्या आत दडलेले स्वर वर येतात. जवारी खुलली असं म्हणतात ते हेच. हे करायला वीस मिनिटं लागतात, आणि शांतता लागते. आपल्याकडे नेमकी तेव्हाच समोरून ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ चालू असतं. साउंडवाल्याला आधीच सांगून ठेव: तानपुरा लागत असताना स्पीकर बंद.

आणखी एक. विंगेत लावलेला तानपुरा रंगमंचावरच्या दिव्यांखाली गेला की तारा तापून सैल पडतात आणि स्वर उतरतो. थेट गार हवेच्या झोतात बसवलास तर चढतो. तबल्याचं कातडं कोरड्या हवेत ताणलं जाऊन वर चढतं, पावसाळ्यात दमट हवेनं उतरतं. पेटीचा स्वर मात्र जागचा हलत नाही. म्हणून दिवे लावून, यंत्रणा चालू करून, वाद्यं अर्धा तास रंगमंचावर राहू देत आणि मग शेवटचं सुरात आणायला सांग. गारव्याचा झोत कलाकाराच्या अंगावर येता कामा नये. मोठे कूलर किंवा पंखे घरघर करत असतील तर हॉल आधी गार करून घे आणि आलाप सुरू होताना ते मंद कर. उकाड्याची तक्रार करणारे मध्यंतरात भेटतील. त्यांना सरबत दे.

गायकाचा स्वर आधी विचार. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या. त्या स्वराचा तबला गावात आहे का, ते आठ दिवस आधी बघ. आयत्या वेळी ‘हाच चालेल’ म्हणून दिलेला तबला चालत नाही.

मैफल नेहमी संध्याकाळीच का ठेवतेस, याचाही विचार कर. आपल्या मागच्या दोन पिढ्यांनी हॉलमध्ये यमन, मारवा, पूरिया, बागेश्री खूप ऐकले. तोडी, ललित किंवा भरदुपारचा सारंग मात्र कॅसेटवरच ऐकला, कारण त्या वेळी कार्यक्रमच नसतात. एका रविवारी सकाळी साडेसहाला मैफल ठेव. थंडीत ठेव, चहा ठेव. लोक येतील. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, म्हणजे अकोला आणि बडनेऱ्याच्या मधल्या स्टेशनचे. 1967 साली रंगमंचावर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ मध्ये त्यांनी खांसाहेब उभा केला आणि नाटकाचा प्रेक्षक गाण्याकडे वळवला. आपल्याच मातीतल्या त्या माणसाच्या नावानं सकाळची मैफल सुरू केलीस तर नाव शोधत बसावं लागणार नाही.

गझलेला बोलणारा हॉल दे

सुरेश भट अमरावतीत जन्मले, 15 एप्रिल 1932 ला. भीमराव पांचाळे मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचे. अकोल्या-बाळापुरात उर्दू मुशायऱ्याचे दर्दी जुने. त्यामुळे इथं गझलेचा श्रोता तयार करावा लागत नाही. त्याला फक्त गप्प बसवू नकोस. नाटकात शिस्त म्हणून आपण ज्याला ‘श्शू’ करतो, त्यालाच मुशायऱ्यात पुढं बसवायचं असतं.

शायर पहिली ओळ म्हणतो. पुन्हा म्हणतो. हॉल ती झेलतो, कुणीतरी ‘इर्शाद’ म्हणतं. मग तो दुसरी ओळ सुरू करतो आणि यमक येण्याच्या एक क्षण आधी थांबतो. चांगल्या हॉलमध्ये त्या क्षणी मागच्या रांगेतून कुणीतरी ते यमक आधीच म्हणून टाकतं आणि शायर हसून मान डोलावतो. हे घडायचं असेल तर तीन गोष्टी कर. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण चालू ठेव. शायर एका रांगेत खुर्च्यांवर बसवू नकोस. गाद्या-तक्के घालून अर्धवर्तुळात बसव, म्हणजे एकाची ओळ दुसऱ्यालाही लागते. आणि निवेदक शोधताना आवाजापेक्षा वाचन बघ. कुणाला आधी, कुणाला नंतर बोलवायचं हे त्याला कळलं पाहिजे. नवखे आधी, जाणते नंतर, अध्यक्ष शेवटी.

पहिल्या रांगेतले सोफे हा आपल्या गावांचा जुना आजार. ते मान्यवरांसाठी राखतात, मान्यवर उद्घाटनाचा फोटो होताच उठतात, आणि उरलेली रात्र कलाकार चार रिकाम्या सोफ्यांकडे बघत गातो. सोफे कडेला लाव. मधल्या खुर्च्यांवर, हात वर करून दाद देणारे बसव. मान्यवर खरंच ऐकायला आले असतील तर ते कडेलाही बसतात.

कव्वाली ठेवशील तर आणखी एक: कव्वालांची टाळी हे वाद्य आहे. मुख्य गायकापुढे माइक ठेवून बाकीच्यांना मागे टाकू नकोस. टाळीसाठी वेगळा माइक, जरा खाली. तबला आणि ढोलकही तसेच. नाचाच्या कार्यक्रमाला रंगमंचावरची सतरंजी काढ, लाकूड उघडं ठेव आणि एक माइक जमिनीलगत लाव, नाहीतर घुंगरू दिसतील पण ऐकू येणार नाहीत.

कीर्तनात वाट मोकळी ठेव

कीर्तन हॉलमध्ये नेताना सर्वांत जास्त बिघडतं, कारण ते समोरासमोरचं असतं. गाडगेबाबांचं कीर्तन आठव. व्यासपीठ नाही, पेटी-तबल्याची मागणी नाही. ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. त्यांचं शेवटचं कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत वांद्र्याला झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ते ऐकलंस तर कळेल की लोकांचा आवाज वगळला तर कीर्तन अर्धंच उरेल.

तुकडोजी महाराजांची खंजिरीही तशीच. खंजिरीचा आवाज लहान पण टोकदार. तिच्या अगदी जवळ माइक ठेवला तर नुसती छनछन कानात घुसते आणि भजनाचे शब्द हरवतात. माइक तोंडाशी ठेव, खंजिरी हातभर लांब राहू दे. कीर्तनकाराला उभ्या माइकला बांधून ठेवू नकोस, तो चालत बोलतो. कॉलरचा माइक दे आणि बॅटरी नवी घाल. रंगमंचावरून उतरायला मधोमध चार पायऱ्या लाव, म्हणजे उत्तररंगात त्याला लोकांत जाता येईल. दिवे पूर्ण चालू. म्हातारी माणसं जास्त येतील, म्हणून खालच्या खुर्च्या त्यांच्यासाठी राख, बाल्कनी तरुणांना दे.

श्रोत्यांच्या शिस्तीबद्दल कुणी शहरी माणूस नाक मुरडू लागला, तर त्याला मोझरीला घेऊन जा. गुरुकुंजात महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. उघड्या मैदानावर, खेड्यापाड्यांतून आलेला अफाट जनसमुदाय, लेकरंबाळं सोबत, आणि सगळे एकदम गप्प. आपल्या माणसाला शांत बसता येतं. कशासाठी शांत बसायचं ते मात्र त्याला पटलं पाहिजे.

लेकरांचं नाटक लेकरांसाठी ठेव

बालनाट्याला तास-सव्वातासाच्या वर जाऊ नकोस. पूर्ण अंधार नको, लहान मुलं घाबरतात. निळसर मंद उजेड ठेव. पुढच्या रांगा मुलांच्या, आई-बाप मागे. मोठी माणसं पुढं बसली की मुलांना फक्त डोकी दिसतात. मुलं मध्येच ओरडतील, राक्षसाला ‘मागे बघ’ म्हणतील. ओरडू दे. निम्मा खेळ तोच असतो.

सत्कार आवर

शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. हे सगळं झाल्यावर आपल्याकडे गाणं सुरू होतं, तोवर शेवटची सिटी बस गेलेली असते. नियम कर: दीपप्रज्वलन आणि दोन मिनिटांचं स्वागत एवढंच आधी. सत्कार करायचाच असेल तर मध्यंतराच्या आधी, पाच मिनिटांत. कलाकाराचा परिचय छापून खुर्चीवर ठेव. वाचून दाखवायची गरज नाही. पत्रिकेत साडेसहा छापून सव्वासातला सुरू करायची पद्धत मोड. पहिल्या कार्यक्रमाला निम्मे लोक उशिरा येतील, रागावतील. तिसऱ्यापासून वेळेवर येतील.

पैसे त्याच रात्री दे

कलाकाराचं पाकीट सगळे आठवणीनं देतात. पडदा ओढणारा, सेट उचलणारे, दिव्यांच्या शिडीवर चढणारा पोरगा, स्वच्छतागृह सांभाळणारी बाई, रात्री दोनला कुलूप लावणारा चौकीदार, यांची नावं वहीत वेगळ्या पानावर लिही आणि हॉल सोडण्याआधी रोख दे, सोबत जेवण दे. हॉलची कोणती खुर्ची मोडकी, कोणता डिमर दगा देतो, वीज गेली तर जनरेटर किती वेळात उचलतो आणि डिझेल किती उरलंय, हे त्यांनाच माहीत असतं. त्यांना विचारत जा, आणि त्यांनी सांगितलेलं वहीत टिपत जा. पुढच्या कार्यवाहाला देण्यासारखी मंडळाची खरी मालमत्ता ती वहीच.

शेवटचं. पडदा पडला, टाळ्या चालू आहेत, लोक उठायच्या बेतात आहेत, तेवढ्यात माइक हातात घे आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि तिकिटाचा दर एका वाक्यात सांग. आभाराची यादी वाचू नकोस. तारीख ठरली नसेल तर ती ठरवूनच त्या दिवशी हॉलवर जा. हॉलमध्ये येणं लोकांच्या सवयीत बसलं पाहिजे, आणि पुढची तारीख कळल्याशिवाय सवय लागत नाही.

तुझा,
मामा